इशापूरची जुनी लष्करी रायफल (अमेरिकेत): घेण्याआधी काय तपासावं, पहिला बार कसा काढावा

सह्यकडा
नमस्कार मंडळी. मुक्काम न्यू जर्सी, ग्रीन कार्ड आहे. संग्रहासाठी आणि महिन्यातून एकदा रेंजवर चालवण्यासाठी जुनी लष्करी बोल्ट रायफल (दर बारानंतर मागचा दांडा म्हणजे बोल्ट हाताने मागेपुढे करायचा अशी) घ्यायची आहे. शेजारच्या राज्यातल्या एका विक्रेत्याकडे दोन पाहिल्या, दोन्ही इशापूरच्या. एक .३०३, मनगटावर (चापामागच्या निमुळत्या भागावर) १९४३ आणि 'एसएचटी एलई ३*'. दुसरीवर 'रायफल ७.६२ एमएम २ए१', आरएफआय (रायफल फॅक्टरी इशापूर) आणि १९६७. किंमत जवळपास सारखीच. दुसरीचं लाकूड जास्त चकचकीत आहे. कुठली घ्यावी? आणि २ए१ मध्ये दुकानात मिळणारी .३०८ काडतुसं चालतात का? यावर तिथेच दोघांनी दोन उलट उत्तरं दिली.

नळीपारखी
आधी या दोन्ही काय आहेत ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

.३०३ ही शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड. तिचा मार्क ३ हा नमुना आला १९०७ मध्ये. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवायला त्यातले मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधली काडतुसं राखून ठेवणारी पत्री) आणि बाजूच्या लांब पल्ल्याच्या व्हॉली साईट असे भाग गाळले, तो तारांकित मार्क ३*. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ही रायफल स्वातंत्र्यानंतरही बनत राहिली. तुम्ही पाहिलेल्या १९४३ च्या नगावर मुकुटाखाली 'जीआरआय' (राजा जॉर्जची आद्याक्षरं) असायला हवं. प्रजासत्ताकानंतरच्या नगांवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह येतात.

२ए१ ही १९६२ च्या चीन युद्धानंतरची. लष्कर ७.६२ नाटो काडतुसाकडे वळत होतं, म्हणून तोच जुना आराखडा नव्या काडतुसासाठी, अधिक चांगल्या पोलादात, नव्याने बनवला. '.३०३ ची नळी बदलून केलेली' असं काही विक्रेते सांगतात, ते चूक आहे. ओळख सोपी आहे: मॅगझिन चौकोनी, धारदार कोनांचं, १२ काडतुसांचं. मागची साईट ८०० मीटरपर्यंतच आखलेली. .३०३ वर ती २००० यार्डांपर्यंत असते.

चकाकी बघून निवडू नका. या रायफलीत नवं पॉलिश बहुतेकदा कोणीतरी काहीतरी झाकल्याची खूण असते. मूळ लाकूड मंद, तेल प्यालेलं दिसतं.

हडसनकाठ
कायद्याचा भाग, कारण आपल्या लोकांचं इथेच चुकतं.

ग्रीन कार्ड असेल तर संघीय कायद्याने घेता येते. विक्रेत्याकडे फॉर्म ४४७३ भरताना त्यात तुमचा एलियन नंबर टाकावा लागतो. एच-१बी, एल-१, एफ-१ असे नॉन-इमिग्रंट व्हिसावाले मात्र बंदूकही बाळगू शकत नाहीत आणि काडतूसही नाही. वैध शिकार परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाशी बोलल्याशिवाय त्यांवर विसंबू नका. फॉर्मवर चुकीची माहिती देणं हा स्वतंत्र गंभीर गुन्हा आहे आणि पुढे नागरिकत्वाच्या वेळी तो आडवा येतो.

घरात जोडीदार अजून एच-४ वर असेल तर बंदुकीच्या कपाटाची किल्ली किंवा कुलपाचे आकडे तिला किंवा त्याला माहीत नसावेत. 'माझ्या नावावर आहे' एवढं पुरत नाही. हात पोचत असेल तर ताबा धरला जाऊ शकतो.

न्यू जर्सीत लांब बंदुकीसाठी फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड लागतं. ते आधी काढा, रायफल नंतर. इलिनॉयमध्ये असंच फॉइड कार्ड असतं. ज्या राज्यांत मॅगझिनच्या क्षमतेवर मर्यादा आहे तिथे २ए१ चं १२ चं मॅगझिन चालतं का, हे स्थानिक डीलरला विचारूनच पैसे द्या.

सह्यकडा
धन्यवाद. क्युरिओ परवान्याबद्दल (जुन्या बंदुकांच्या संग्राहकांचा) ऐकलंय. तो घेतला की घरपोच मिळते ना?

हडसनकाठ
हो, टाइप ०३. तीन वर्षांना ३० डॉलर. अर्ज ७सीआर, त्याची एक प्रत स्थानिक पोलिसप्रमुखांकडे पाठवायची. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असलेली बंदूक त्यावर दुसऱ्या राज्यातूनही थेट परवान्यावरच्या पत्त्यावर येऊ शकते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, मूळ स्वरूप महत्त्वाचं. पुढचं लाकूड कापून शिकारीची केलेली रायफल यात बसत नाही. दुसरी, नोंदवही. आलेल्या बंदुकीची नोंद पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत, गेलेलीची सात दिवसांत. हा परवाना संग्राहकाचा आहे. घेऊन-विकून नफा कमवायला लागलात तर तो धंदा होतो आणि त्याला वेगळा परवाना लागतो. आणि राज्याचे नियम यामुळे सुटत नाहीत. तुमच्याकडे आयडी कार्ड लागणारच.

१९६७ ची २ए१ वयात बसते. सन मनगटावर कोरलेलं असतंच, तेच मोजायचं.

रंधा
लाकडावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ली-एनफिल्डचा नेम लाकडात असतो. नळी कितीही छान असो, पुढचं लाकूड सैल असेल तर गोळ्या ताटभर पसरतात.

बार उडाला की सगळी यंत्रणा मागे येते. तो धक्का लाकडाच्या दोन छोट्या खांद्यांवर बसतो. ते खांदे मॅगझिनच्या मागे, ट्रिगरच्या वर, आत असतात. इंग्रजीत त्यांना ड्रॉज म्हणतात. दशकानुदशकं तेल झिरपून ते मऊ पडतात किंवा लाकूड सुकून मागे सरतं. मग धक्का खांद्यांवर न बसता लाकडाच्या मागच्या जिभेवर बसतो आणि ती उभी चिरते. दुकानात बघायची जागा हीच: पुढचं लाकूड मागे जिथे दस्त्याच्या (खांद्याला टेकवायच्या मागच्या लाकडाच्या) पोलादी सॉकेटला भिडतं तिथे, ट्रिगरच्या मागे, केसाएवढी चीर. छोटा टॉर्च न्या. अंगठ्याने दाबा. तेल बुडबुड्यासारखं वर आलं तर चीर आरपार आहे.

इशापूरच्या बऱ्याच नगांत मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा एक स्क्रू गेलेला दिसेल. तो नंतरच्या मालकाने मारलेला जुगाड समजून काही जण नाक मुरडतात. तो कारखान्याचाच आहे, लाकूड फाकू नये म्हणून. तसाच असू द्या.

रंधा
आणि कृपा करून घरी आणल्या आणल्या दस्ता काढू नका. .३०३ मार्क ३ आणि २ए१ दोन्हींत दस्त्याच्या आतून जाणाऱ्या लांब बोल्टचं (हा दस्ता धरून ठेवणारा, बार करताना हाताळायचा बोल्ट नव्हे) टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या एका पत्रीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना तो बोल्ट फिरवला की चौकोन पत्री फिरवतो आणि लाकूड आतून फुटतं. चांगल्याचांगल्या रायफली अशा एका मिनिटात वाया जातात.

क्रम असा. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. बोल्ट काढा, मॅगझिन काढा. टोकाची टोपी (नळीच्या तोंडाजवळची, धातूची): आडवा बोल्ट, मग खालचा स्क्रू. टोपी रबरी हातोडीने हलकेच पुढे सरकवा. मधला पट्टा सोडा. त्याच्याखाली आतल्या पट्ट्याचा स्क्रू असतो, त्यावर स्प्रिंग आणि वॉशर. हा विसरून लाकूड ओढलं की लाकूड तुटतं. वरची हँडगार्ड लाकडं उचला. मग ट्रिगर गार्डचे दोन स्क्रू. पुढच्या मोठ्या स्क्रूच्या भोकात एक छोटी नळकांडी असते, ती हरवू नका. तिच्यामुळे स्क्रू घट्ट होताना लाकूड चिरडत नाही. आता पुढचं लाकूड दोन्ही टोकांनी सारखं, सरळ खाली. तिरकं ओढलं की खांद्यांचे टवके उडतात.

यानंतर दस्ता. बटप्लेट (दस्त्याच्या टोकाची पट्टी) काढा, आतला चामड्याचा किंवा कापडाचा बोळा उपसा, मग लांब रुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर. तो बोळा पण ठेवा. स्क्रूड्रायव्हर बाजूला सरकून दस्ता फाटू नये म्हणूनच तो असतो.

टोपीच्या मागे लाकडात एक छोटी खुंटी आणि तिच्याखाली स्प्रिंग सापडेल. ती नळीला खालून वर रेटते. 'नळी मोकळी हवी' हा आधुनिक रायफलीचा नियम इथे लावून ती काढू नका.

सह्यकडा
हे फार मोलाचं आहे, रंधा. खांदे मऊ निघाले तर?

रंधा
ॲसिटोनने तेल शोषून काढा, दोनतीन दिवस, अनेक वेळा. मग मऊ भाग कोरून कठीण लाकडाचे तुकडे इपॉक्सीने बसवा, रेषा लाकडाच्या शिरांना आडवी. दोन्ही बाजूंना सारखं टेकलं पाहिजे. काजळी लावून तपासा. एका बाजूलाच टेकलं तर गोळ्या त्या त्या बाजूला सरकतात.

वर फक्त कच्चं जवसाचं तेल, हाताने चोळून. वार्निश नको. तेलाच्या चिंध्या गोळा करून डब्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेटतात. उघड्यावर पसरून वाळवा, मग फेका.

खडकीकर
काडतुसांबद्दल. .३०३ ची जुनी लष्करी काडतुसं घेतलीत तर बुडावर 'केएफ' दिसू शकेल. ते आपल्या पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं. शेजारी सन आणि मार्क ७ चा आकडा. ७.६२ वर 'ओएफव्ही' असेल तर ते भुसावळजवळच्या वरणगावचं. संग्रहात ठेवायला दोन्ही सुंदर. बार काढायला मात्र मी नवीनच सुचवेन. प्रवी पार्टिझान आणि सेलियर अँड बेलोट दोघेही .३०३ बनवतात. त्यांचं पितळ (काडतुसाचं रिकामं कवच) पुन्हा भरता येतं.

जुन्या लष्करी .३०३ च्या पेटवणीत (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टिकलीत) पोटॅशियम क्लोरेट असतं. बार झाल्यावर त्याचं क्लोराइड मीठ नळीत बसतं. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि दमट दिवसात नळी एका रात्रीत गंजते. तेलाने मीठ निघत नाही. अमोनियाचे क्लीनर लोक वापरतात, पण त्यातलं काम करतं ते पाणीच. त्याच दिवशी, चेंबरच्या (काडतूस बसतं त्या पोकळीच्या) बाजूने फनेल लावून दोन किटल्या उकळतं पाणी ओता. नळी इतकी तापते की स्वतःच वाळते. मग कोरडा कपडा, मग तेल. बोल्टचा चेहरा, एक्स्ट्रॅक्टरच्या (पितळ ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) मागची फट, मॅगझिनची वरची कड, हे सगळं पण धुवा. तिसऱ्या दिवशी परत एकदा पांढरा कपडा फिरवून बघा.

पाकिस्तानी 'पीओएफ' शिक्क्याची जुनी .३०३ काडतुसं उशिरा पेटण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. खट् आवाज, मग क्षणभराने धडाम. चाप ओढून काहीच झालं नाही तर नळी निशाणाकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा, बोल्टला हात लावू नका. ती काडतुसं स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

नळीपारखी
.३०८ चा वाद. आकडे नीट वाचले तर अर्धा वाद मिटतो. .३०८ ची अमेरिकी कमाल दाबमर्यादा ६२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड). ७.६२ नाटोची म्हणून '५०,०००' असा जो आकडा फिरतो तो तांब्याच्या नळकांड्याने मोजण्याच्या जुन्या पद्धतीचा आहे, ते पीएसआय नाहीतच. दोन वेगळ्या मापांची तुलना करून लोक १२,००० चा फरक काढतात. प्रत्यक्षात दोन्ही बरीच जवळ आहेत.

तरी मी २ए१ मध्ये जड शिकारी .३०८ घालणार नाही. कारण रचनेत आहे. ली-एनफिल्डच्या बोल्टची कुलपं (बंद झाल्यावर अडकणारे कान) मागे असतात, माऊझर रायफलीसारखी पुढे नाहीत. बार होताना पूर्ण बोल्ट दबतो आणि बॉडी (बोल्ट सरकतो ती पोलादी चौकट) ताणते. .३०३ ची मर्यादा ४९,००० पीएसआय आहे आणि हा आराखडा मुळात तिच्या आसपासच्या दाबासाठी बेतलेला. पोलाद सुधारलं म्हणून २ए१ नाटोचा दाब झेलते, पण साठ वर्षांच्या जुन्या बोल्टवर उगाच ताण कशाला? १४७ ते १५० ग्रेन वजनाच्या गोळीची साधी ७.६२ वापरा.

आणि चेंबर कोरडं हवं. हे सगळ्यात दुर्लक्षित. साठवणीतलं ग्रीस किंवा तेल चेंबरमध्ये राहिलं की पितळ भिंतीला धरत नाही आणि सगळा जोर बोल्टवर जातो. ब्रिटिश प्रूफ (ताकदीच्या) चाचणीत एक काडतूस कोरडं आणि एक तेल लावून उडवत, ते मुद्दाम जास्त ताण द्यायला. आपण घरी ती चाचणी करायची नाही.

ट्रेंटमधला
नळीपारखींशी सहमत, पण हेडस्पेस राहिलं. बोल्ट बंद असताना काडतुसाला मागेपुढे मिळणारी जागा म्हणजे हेडस्पेस. .३०३ त रिमच्या (काडतुसाच्या बुडाच्या कडेच्या) जाडीवर मोजतात: .०६४ इंचाच्या गेजवर (मापाच्या पोलादी तुकड्यावर) बोल्ट बंद व्हायला हवा, ब्रिटिश लष्करी वापराची हद्द .०७४. २ए१ ला रिम नसल्याने .३०८ चे गेज: गो (बोल्ट बंद व्हायला हवा) १.६३०, नो-गो (होऊ नये) १.६३४, फील्ड (शेवटची हद्द) १.६३८. फील्डवर बोल्ट बंद झाला तर रायफल भिंतीवर. गेज लावताना एक्स्ट्रॅक्टर काढा आणि बोल्ट एका बोटाने बंद करा. जोर लावला तर पोलादी गेजही खोटं सांगतो.

बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का बघा. इंटरनेटवरून सुटा बोल्ट घेऊन बसवू नका. दोन्ही कुलपं सारखी टेकली पाहिजेत. एकच टेकली तर सगळा ताण तिच्यावर येतो. नंबर ४ (नंतरच्या ली-एनफिल्ड) रायफलीचे बोल्टहेड ० ते ३ अशा आकड्यांचे, वाढत्या लांबीचे येतात, म्हणून तिथे दुरुस्ती सोपी. मार्क ३ मध्ये आकडे नाहीत, बसवून बघावं लागतं.

सह्यकडा
ब्रिटनमध्ये कसं असतं? मामेभाऊ लेस्टरला आहे, त्यालाही आवड आहे.

ट्रेंटमधला
फायरआर्म सर्टिफिकेट, पोलिसांकडून, पाच वर्षांचं. 'योग्य कारण' दाखवावं लागतं. बहुतेकांचं कारण म्हणजे मान्यताप्राप्त क्लबचं सदस्यत्व, आणि त्याआधी काही महिने उमेदवारी. प्रत्येक रायफल आणि काडतुसांची संख्या सर्टिफिकेटवर लिहिलेली असते. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे शिक्के आहेत का बघूनच घ्यायची.

'डीपी' शिक्का असलेली कुठल्याही देशात घेऊन उडवू नका. ती कवायतीसाठी काढलेली, बार करायला अयोग्य ठरवलेली.

भुईकोट
भारतात .३०३ घेता येते का? आजोबांच्या पिढीत पोलिसांकडे ह्याच असायच्या.

खडकीकर
नाही. .३०३ आणि ७.६२ दोन्ही भारतात प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहेत. आपल्याकडच्या परवान्यावर .३१५ ची स्पोर्टिंग रायफल येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका.

अमेरिकेतून भारतात जाणाऱ्या सगळ्यांसाठी: रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला वापरू नका. अस्तरात अडकलेलं एक जिवंत काडतूस विमानतळावर सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतात. आठवण म्हणून रिकामं पितळही नेऊ नका.

नळीपारखी
अफगाणिस्तानातून आलेल्या खैबरच्या नकला पण बाजारात दिसतात. मनगटावर 'व्हीआर' (राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं) आणि सन १९१० असेल तर समजून जा: व्हिक्टोरिया १९०१ मध्ये वारली. उलटी अक्षरं, वाकड्या ओळी, मऊ पोलाद. भिंतीवर शोभतात, काडतूस घालायचं नाही.

सह्यकडा
मग मी .३०३ कडे झुकतोय. दुकानात पाच मिनिटं मिळाली तर काय बघू, आणि पहिल्या दिवशी काय करू?

ट्रेंटमधला
पाच मिनिटांत: नंबर, लाकडाची जीभ, नळी. नळीत टॉर्च टाका. पाच खोबणी, डावीकडे वळणाऱ्या. काळसर पण धारदार कडा चालतील, नळीच्या तोंडाशी झिजलेल्या चालणार नाहीत. सफाईची दोरी घासून तोंड लंबगोल होतं आणि नेम तिथे जातो. घेतल्यावर मऊ शिशाची गोळी नळीतून ढकलून मोजा. युद्धकाळातल्या नळ्या .३११ पासून .३१५ च्याही पुढे भरतात. रुंद नळीत .३११ ची गोळी डळमळते.

रेंजवर जायच्या आधी बोल्टच्या आतलं ग्रीस काढा, नाहीतर स्ट्रायकर (पेटवणीवर आदळणारी सुई) हळू चालतो आणि पेटवणीवर नुसता टिकली एवढा डाग पडतो. रेंजवर गोळ्या चुंबकाने तपासतात का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी गोळीला चुंबक चिकटला की परत पाठवतात.

चष्मा, कानाला दुहेरी संरक्षण. पहिल्या तीन गोळ्या एक-एक करून, मॅगझिन न वापरता. प्रत्येक पितळ उचलून बघा. रिमच्या वर अर्ध्या इंचावर चकचकीत कडं दिसतं का? पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून खरवडा. तिथे खाच लागली तर पितळ दोन तुकडे होण्याच्या बेतात आहे. थांबा.

मॅगझिन भरताना रिम अडकतात. वरच्या काडतुसाची रिम नेहमी खालच्याच्या पुढे. पाचच्या चार्जरमध्ये (काडतुसं धरणाऱ्या पट्टीत) खाली-वर-खाली-वर-खाली. मॅगझिन काढून भरू नका, वरूनच भरायचं. त्याचे ओठ (वरच्या कडा) वाकले की ते मॅगझिन गेलं.

रंधा
१०० यार्डांवर गोळ्या वर लागतील. मागची साईट २०० च्या खाली जात नाही. पुढची माशी (नळीच्या टोकाची साईट) .०१५ इंचांच्या टप्प्यांत वेगवेगळ्या उंचीची मिळते. उंच माशी लावली की गोळी खाली येते, एका टप्प्याला १०० यार्डांवर जवळपास तीन इंच. डावं-उजवं करायला ती आडवी सरकवायची, योग्य पाना वापरून. हातोडी आणि खिळा नको. चार इंचांत पाच गोळ्या बसल्या तर रायफल निरोगी आहे.

ट्रेंटमधला
पितळ पुन्हा भरणार असाल तर एक युक्ती. .३०३ ची चेंबरं लष्कराने मुद्दाम सैल ठेवली, चिखलातही काडतूस जावं म्हणून. नव्या पितळाच्या रिमपुढे पातळ रबरी ओ-रिंग चढवून पहिला बार काढा. पितळ मागे बोल्टला टेकलेलं राहतं आणि ताण बुडाऐवजी खांद्यात जातो. त्यानंतर फक्त पितळाची मान आवळा, पूर्ण पितळ मूळ मापावर आणू (साइझ करू) नका. असं पितळ त्याच रायफलीत कितीतरी वेळा वापरता येतं, दुसऱ्या .३०३ त बहुतेक जाणारच नाही. म्हणून डब्यावर रायफलीचा नंबर लिहून ठेवा.

सह्यकडा
आयडी कार्डाचा अर्ज आधी करतो. विक्रेत्याला विचारलं, तो गेज लावू द्यायला तयार आहे. दस्त्याचा बोल्ट शेवटी, हे वहीत पहिल्या पानावर लिहिलंय.